टाळ्या वाजल्या, पुढे काय?

अमेरिकेत नवा राष्ट्राध्यक्ष निवडून येतो. त्याने अजून खुर्चीत नीट बूडही टेकवलेलं नसतं, आणि इकडे तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, आता जग सुधारणार. दुसरा म्हणतो, आता संपलंच सगळं. कुणाचा व्हिसा अडकलेला असतो, कुणाच्या ताईची नोकरी तिकडे असते, कुणाला नुसतीच वाद घालायची हौस असते. पण प्रत्येकाला काही ना काही बोलायचं असतंच. मत आपण दिलेलं नाही, तो आपला नेताही नाही, तरी त्याच्या पहिल्या भाषणाकडे आपण डोळे लावून बसतो.

तुम्हाला वाटेल, ही सगळी मोबाइलची किमया. तसं नाही. शंभर वर्षांपूर्वी, फोन आणि रेडिओ घरोघरी पोहोचायच्या आधी, एका अमेरिकन अध्यक्षावर असाच अर्ध्या जगाचा जीव जडला होता. पॅरिसमध्ये लोक त्याच्यावर फुलं उधळत होते, कैरो आणि सेऊलमध्ये पोरं त्याची भाषणं वाचत होती, आणि आपले लोकमान्य टिळक लंडनहून त्याला पत्र लिहीत होते. त्याचं नाव वुड्रो विल्सन. या माणसाची गोष्ट नीट समजून घ्या. पुढच्या वेळी कुठल्याही नव्या नेत्यासाठी टाळ्या वाजवताना, किंवा शिव्या घालताना, ती उपयोगी पडेल.

उशिरा वाचायला शिकलेला प्रोफेसर

विल्सन यांचा जन्म २८ डिसेंबर १८५६चा, व्हर्जिनियातल्या स्टँटन गावचा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. घरात पुस्तकंच पुस्तकं, पण हा टॉमी दहाएक वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं. त्याचं लहानपण जॉर्जिया राज्यात गेलं, आणि ते नेमकं अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात. वडिलांच्या चर्चमध्ये जखमी सैनिक आणून ठेवलेले त्याने पाहिले. युद्ध म्हणजे काय ते या मुलाला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. पण आणखी एक गोष्टही त्याने याच घरातून उचलली. वडील गुलामगिरीचे समर्थक होते. गोऱ्यांनी वर आणि काळ्यांनी खाली, ही उतरंड त्या घरात कुणाला खटकत नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोरगा मोठा झाला, वकिली करून पाहिली, जमली नाही. मग इतिहास आणि राज्यशास्त्राकडे वळला आणि डॉक्टरेट मिळवली. पीएच.डी. असलेले ते अमेरिकेचे आजवरचे एकमेव राष्ट्राध्यक्ष. प्रिन्स्टन विद्यापीठात आधी प्राध्यापक, १९०२ साली तिथलेच प्रमुख. १९१०मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर म्हणून निवडून आले, आणि दोनच वर्षांत थेट राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत. १९१२च्या त्या निवडणुकीत समोरच्या रिपब्लिकन पक्षात फूट पडली. टाफ्ट एकीकडे, थिओडोर रूझवेल्ट दुसरीकडे. या भांडणात विल्सन जिंकले. मतं मिळाली शंभरातली जेमतेम ४२.

पहिला दिवस, पहिली गर्दी

३ मार्च १९१३. शपथविधीचा आदला दिवस. नवे अध्यक्ष वॉशिंग्टनच्या स्टेशनवर उतरले तर स्वागताला गर्दी फारशी नाहीच. लोक गेले कुठे? ते पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर होते. तिथे पाच हजारांहून जास्त बायका मतदानाचा हक्क मागत मोर्चा काढत होत्या. अ‍ॅलिस पॉल नावाच्या तरुणीने हा मोर्चा मुद्दाम याच दिवशी ठेवला होता. येणाऱ्या अध्यक्षाला पहिल्या दिवशीच कळावं, की अर्ध्या देशाला मत नाही. रस्त्यावरच्या पुरुषांनी त्या बायकांना ढकललं, शिवीगाळ केली, पोलीस बघत राहिले. विल्सन यांचं यावर ठाम मत काही नव्हतं. हा प्रश्न राज्यांनी सोडवावा, एवढंच ते म्हणत राहिले.

त्यांच्या वागण्याचीही पहिल्या महिन्यातच चर्चा सुरू झाली. शपथविधीनंतरचा नाचगाण्याचा थाटाचा समारंभ त्यांनी रद्द करायला लावला. कुणाला हा साधेपणा वाटला, कुणाला शिष्टपणा. मग त्यांनी पत्रकारांना नियमित भेटायला सुरुवात केली, ती प्रथा पुढे टिकली. एप्रिलमध्ये ते स्वतः संसदेत जाऊन बोलले. १८००नंतर एकाही अध्यक्षाने असं केलेलं नव्हतं, सगळे लेखी निवेदन पाठवून मोकळे व्हायचे. काही खासदारांना यात राजेशाहीचा वास आला. लोकांना मात्र हा बोलका प्रोफेसर आवडला.

परराष्ट्र धोरण नको होतं, तेच गळ्यात पडलं

शपथविधीच्या आधी विल्सन एका स्नेह्याशी बोलताना म्हणाले होते, की आपल्या कारकिर्दीत परदेशांचीच भानगड जास्त निस्तरावी लागली तर तो नशिबाचा खेळच म्हणायचा. त्यांची सगळी तयारी देशांतर्गत प्रश्नांची होती. आणि झालं नेमकं उलट.

सुरुवात चांगली झाली. चीनमध्ये नुकतंच प्रजासत्ताक आलं होतं. परकीय बँकांचा एक गट चीनला कर्ज देऊन त्याचा कारभारच हातात घ्यायला बघत होता. विल्सन यांनी अमेरिकन बँकांच्या पाठीवरचा सरकारी हात काढून घेतला, आणि मे १९१३मध्ये त्या प्रजासत्ताकाला मान्यताही दिली. चिनी तरुणांना वाटलं, हा माणूस वेगळा आहे. पण त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने जपानी स्थलांतरितांना शेतजमीन घ्यायला बंदी करणारा कायदा केला. विल्सन यांनी आपला परराष्ट्रमंत्री समजूत घालायला पाठवला, कायदा काही थांबला नाही. टोकियोत लोक संतापून रस्त्यावर आले.

आणि मग मेक्सिको. विल्सन खुर्चीवर बसायच्या दोनच आठवडे आधी तिथला निवडून आलेला अध्यक्ष मादेरो याचा खून झाला आणि जनरल वेर्ता सत्तेवर आला. ब्रिटनने वेर्ताला मान्यता दिली. मेक्सिकोत तेल, खाणी आणि रेल्वेत पैसा गुंतवलेले अमेरिकन उद्योगपतीही म्हणत होते, देऊन टाका मान्यता, धंदा चालू द्या. विल्सन यांनी नकार दिला. रक्ताने हात माखलेल्या सरकारशी आपण हात मिळवणार नाही, अशी त्यांची भूमिका. तुम्हालाही पटेल अशीच.

पण चांगली भूमिका आणि चांगलं धोरण या दोन वेगळ्या गोष्टी असतात. एप्रिल १९१४मध्ये टाम्पिको बंदरात काही अमेरिकन खलाशांना थोडा वेळ अटक झाली. त्यावरून मानापमानाचं नाटक वाढत गेलं, आणि २१ एप्रिलला अमेरिकन सैन्य व्हेराक्रूझ बंदरात उतरलं. विल्सन यांची कल्पना अशी, की आपण हुकूमशहाविरुद्ध आलोय म्हटल्यावर लोक स्वागतच करतील. पण सामान्य माणसं बंदुका घेऊन गच्चीवर चढली. नौदल शाळेतली कोवळी पोरं लढता लढता मेली. मेक्सिको शहरात जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतळा खाली ओढला गेला. वेर्ताचे कट्टर शत्रूसुद्धा म्हणाले, आमचं भांडण आम्ही बघू, तुम्ही आधी चालते व्हा. शेवटी अर्जेंटिना, ब्राझील आणि चिलीने मध्यस्थी केली. वेर्ता गेला, पण अमेरिकेबद्दलचा राग राहिला. पुढे १९१५मध्ये हैती आणि १९१६मध्ये डॉमिनिकन रिपब्लिक इथेही याच अध्यक्षाने सैन्य उतरवलं. हैतीत ते १९३४पर्यंत तळ ठोकून होतं.

घरातही असाच अपेक्षाभंग झाला. १९१२मध्ये अनेक काळ्या नेत्यांनी विल्सन यांना पाठिंबा दिला होता, कारण न्यायाने वागेन असं आश्वासन मिळालं होतं. प्रत्यक्षात त्यांच्या मंत्र्यांनी सरकारी कचेऱ्यांत काळ्या आणि गोऱ्या कर्मचाऱ्यांची टेबलं, जेवणाच्या जागा, स्वच्छतागृहं वेगळी करायला सुरुवात केली आणि अध्यक्षांनी ते चालू दिलं. विल्यम मन्रो ट्रॉटर हा पत्रकार १९१४मध्ये व्हाइट हाउसमध्ये जाऊन तोंडावर जाब विचारून आला. विल्सन यांनी मुद्द्याचं उत्तर द्यायचं सोडून त्याच्या बोलण्याचा सूर उद्धट आहे, असं म्हणून भेट संपवली. टॉमी लहानपणी जे शिकला होता, ते पुसलं गेलेलं नव्हतं.

१४ मुद्दे आणि अर्धं जग

१९१४मध्ये युरोपात महायुद्ध पेटलं. विल्सन यांनी देशाला बाहेर ठेवलं, आणि त्याच जोरावर १९१६ची निवडणूक थोडक्यात जिंकले. पाच महिन्यांत, एप्रिल १९१७मध्ये, अमेरिका युद्धात उतरली. जर्मन पाणबुड्या अमेरिकन जहाजं बुडवत होत्या, हे खरं. पण शांततेसाठी मत दिलेल्या माणसाला काय वाटलं असेल, विचार करा. युद्धाविरुद्ध बोलणाऱ्यांवर खटले भरले गेले. समाजवादी नेता यूजीन डेब्ज याला एका भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली.

८ जानेवारी १९१८ला विल्सन यांनी आपले प्रसिद्ध १४ मुद्दे मांडले. गुप्त करार नकोत, शस्त्रं कमी करा, वसाहतींचा निर्णय करताना तिथल्या लोकांच्या हिताचंही तेवढंच वजन धरा, आणि सगळ्या राष्ट्रांचा एक संघ काढा. पुढच्याच महिन्यात त्यांच्या भाषणात स्वयंनिर्णय हा शब्द आला. तारायंत्रांमधून तो जगभर गेला. युद्धाला कंटाळलेल्या युरोपला त्यात शांतता दिसली. गुलाम देशांना त्यात स्वातंत्र्य दिसलं.

आपल्याकडे याची सुरुवात आधीच झाली होती. मद्रासचे निवृत्त न्यायमूर्ती एस. सुब्रमण्य अय्यर यांनी १९१७मध्येच विल्सन यांना पत्र लिहून भारताची बाजू मांडली होती. सरकार भडकलं, तेव्हा या वयोवृद्ध गृहस्थाने आपली सर ही पदवीच सोडून दिली. लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये राहून भारताच्या स्वराज्याचा प्रचार करत होते. आणि लोकमान्य टिळक १९१८च्या अखेरीस चिरोल खटल्यासाठी लंडनला गेले होते. डिसेंबरमधल्या दिल्लीच्या काँग्रेसने शांतता परिषदेसाठी तीन नावं ठरवली, टिळक, गांधी आणि हसन इमाम. ब्रिटिश सरकारने टिळकांना पॅरिसला जायचा परवानाच दिला नाही. मग त्यांनी लंडनहूनच विल्सन यांना आणि परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना लिहिलं. विल्सन यांच्या सचिवाकडून सभ्य शब्दांत पोच आली, की प्रश्नाचा योग्य वेळी विचार होईल. सरकारी कचेरीत असं उत्तर मिळालं की आपण काय समजायचं ते समजतो. परिषदेत भारताच्या खुर्चीवर बसले ते भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराज आणि लॉर्ड सिन्हा. सरकारने निवडलेले.

तोवर विल्सन युरोपात पोहोचले होते. १४ डिसेंबर १९१८ला पॅरिसमध्ये त्यांच्यासाठी जी गर्दी लोटली, तशी कुठल्या राजाच्या वाट्याला क्वचितच आली असेल. इटलीत तर लोकांनी त्यांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या, असं सांगतात. सहा महिन्यांत चित्र पालटलं.

१९१९चा वसंत

पुढच्या तारखा जरा सावकाश वाचा.

१ मार्चला कोरियात जपानी सत्तेविरुद्ध लाखो लोक उठले. मार्चमध्येच इजिप्तमध्ये साद झगलूल यांना ब्रिटिशांनी पकडून माल्टाला नेलं आणि सगळा देश पेटला. झगलूल सुटून पॅरिसला येतायत, त्याच सुमारास अमेरिकेने इजिप्तवरच्या ब्रिटिश अंमलाला मान्यता देऊन टाकली. ११ एप्रिलला राष्ट्रसंघाच्या समितीत जपानने वंशसमानतेचं कलम मांडलं. १७पैकी ११ मतं बाजूने पडली. अध्यक्षस्थानी विल्सन होते. त्यांनी सांगितलं, एकमत नाही, म्हणून ठराव नामंजूर. दोन दिवसांनी, १३ एप्रिलला, अमृतसरमध्ये जालियनवाला बाग घडलं. पॅरिसच्या त्या टेबलावर त्याचा उल्लेख व्हायची शक्यताच नव्हती.

२३ एप्रिलला फ्यूमे शहरावरून विल्सन यांनी इटालियन सरकारला डावलून थेट इटालियन जनतेला आवाहन केलं. ज्या लोकांनी मेणबत्त्या लावल्या होत्या, तेच लोक आता विल्सन यांचं नाव दिलेल्या रस्त्यांना फ्यूमेचं नाव द्यायला निघाले. मग चीन. जर्मनीकडे असलेला शांडुंगचा हक्क चीनला परत न देता जपानला द्यायचं ठरलं. ४ मे रोजी बीजिंगमध्ये सुमारे तीन हजार विद्यार्थी रस्त्यावर उतरले. तुमच्याच वयाचे. सहा वर्षांपूर्वी ज्या अध्यक्षाचं चीनने कौतुक केलं होतं, त्याच्यावरचा विश्वास त्या दिवशी तुटला. जूनमध्ये पॅरिसमध्येच राहणाऱ्या एका व्हिएतनामी तरुणानेही आपल्या देशाचं गाऱ्हाणं अमेरिकन शिष्टमंडळाला पाठवलं. हाती काही लागलं नाही. पुढे जग त्याला हो चि मिन्ह म्हणून ओळखू लागलं.

विल्सन यांनी या सगळ्यांना फसवलं का? सोपं उत्तर देऊ नका. १४ मुद्द्यांत स्वयंनिर्णय हा शब्द नव्हताच. विल्सन यांच्या डोळ्यांपुढे होते पोलंड, चेक, सर्ब. म्हणजे युरोपातले गोरे लोक. कैरो, सेऊल आणि पुणे त्यांच्या मनात जवळपास नव्हतंच. लोकांनी शब्द ऐकला आणि त्यात स्वतःचं नाव घातलं. शिवाय ब्रिटन आणि फ्रान्स जिंकलेल्या बाजूचे होते, त्यांच्या वसाहतींना हात लावून राष्ट्रसंघ उभा राहिला नसता. तो संघ उभा करायचाच, यासाठी विल्सन एकेक मुद्दा सोडत गेले.

शेवट

आणि तो संघही त्यांच्या हाती लागला नाही. करार घेऊन घरी आले तर सिनेटमध्ये विरोध. काही अटी घातल्या तर करार मंजूर होणार होता. विल्सन यांनी एकही अट मानली नाही. सप्टेंबर १९१९मध्ये ते आगगाडीने देशभर भाषणं करत निघाले. तब्येत साथ देत नव्हती. कोलोरॅडोतल्या प्वेब्लो गावच्या सभेनंतर ते कोसळले, आणि २ ऑक्टोबरला पक्षाघाताचा मोठा झटका आला. पुढचे कित्येक महिने पत्नी एडिथ ठरवायच्या, अध्यक्षांपर्यंत कुठला कागद जाईल आणि कोण जाईल. देशाला खरी परिस्थिती सांगितलीच गेली नाही. नोव्हेंबर १९१९मध्ये आणि पुन्हा मार्च १९२०मध्ये सिनेटने करार फेटाळला. शांततेचं नोबेल त्यांना मिळालं, पण त्यांचा स्वतःचा देश राष्ट्रसंघात कधीच गेला नाही. ३ फेब्रुवारी १९२४ला विल्सन वारले. जून २०२०मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने आपल्या सार्वजनिक धोरण शिकवणाऱ्या संस्थेवरून त्यांचं नाव काढलं. कारण वंशभेदाचं. तिथल्या विद्यार्थ्यांनी ही मागणी काही वर्षं लावून धरली होती.

मग या गोष्टीत कुणालाच काही मिळालं नाही का? मिळालं. पहिल्या दिवशीच्या त्या बायका आठवा. अ‍ॅलिस पॉल आणि तिच्या मैत्रिणी जानेवारी १९१७पासून रोज व्हाइट हाउसच्या फाटकाशी फलक घेऊन उभ्या राहू लागल्या. युद्ध सुरू झाल्यावर अध्यक्ष परदेशात लोकशाही न्यायची भाषा करत होते. बायका फलकावर विचारत होत्या, की घरच्या लोकशाहीचं काय? त्यांनी अध्यक्षांची तुलना थेट जर्मनीच्या कैसरशी केली. लोकांनी फलक फाडले, पोलिसांनी तुरुंगात टाकलं, उपोषण केलं तर नळीने जबरदस्ती अन्न घातलं. त्या परत येऊन उभ्या राहिल्या. दुसरीकडे गावोगावी, राज्याराज्यांत इतर संघटनांची कामं चालूच होती. १९१८मध्ये विल्सन स्वतः सिनेटमध्ये जाऊन त्यांच्या बाजूने बोलले, आणि ऑगस्ट १९२०मध्ये महिलांचा मतदानाचा हक्क राज्यघटनेत आला.

माणूस तोच, फरक समोरच्यांच्या वागण्यात होता. त्या बायकांनी विल्सन यांची आरतीही केली नाही आणि नुसत्या शिव्या देऊन घरीही बसल्या नाहीत. त्यांनी त्याचेच शब्द घेतले आणि रोज फाटकाशी जाऊन त्यांचा हिशेब मागितला. कैरो आणि पुण्याला त्या फाटकापर्यंत जायची वाटच नव्हती, हे खरं. पण त्यांनीही धडा घेतला. पॅरिसहून काही येणार नाही हे कळलं, तेव्हा कोरिया, चीन आणि इजिप्तची तरुण मंडळी आपापल्या रस्त्यांवर कामाला लागली. १९२०मध्ये आपल्याकडे असहकार सुरू झाला. तो सुरू झाला त्याच दिवशी, १ ऑगस्टला, टिळक मुंबईत गेले.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्याही देशाचा नवा अध्यक्ष मोठमोठे शब्द बोलायला उभा राहील, तेव्हा ऐका जरूर. आवडलं तर टाळ्याही वाजवा. फक्त एक प्रश्न मनात ठेवा. तो आम्ही म्हणतो, तेव्हा त्यात नेमकं कोण कोण येतं? आणि तुम्ही त्यात नसाल, तर तुमचं नाव त्यात घालून घ्यायला तुम्ही उद्या सकाळी कुठे उभे राहणार आहात?